रिंगणातून रांगेत: पेप्सूच्या भांगड्याचं प्रकरण

वरातीत बँडवाले 'ये देश है वीर जवानों का' वाजवू लागले की नवरदेवाचे मामा, मित्र, ऑफिसातले सहकारी हात वर करून खांदे उडवायला लागतात. सांगली असो की अमरावती, चित्र तेच. कुणाला विचारलं तर उत्तरही ठरलेलं मिळतं: हा भांगडा, पंजाबी शेतकऱ्यांचा गव्हाच्या सुगीचा नाच, शेकडो वर्षांपासून चालत आलेला. या उत्तरातला पंजाब खरा, गहूही खरा. शेकडो वर्षांचं काय, ते मात्र जरा तपासून पाहण्यासारखं आहे. आपण ज्याला भांगडा म्हणून ओळखतो, तो एकसारख्या भडक कपड्यांतला, प्रेक्षकांकडे तोंड करून ठराविक क्रमाने केला जाणारा नाच मुख्यतः फाळणीनंतरच्या आठ-दहा वर्षांत आकाराला आला. कुठे, कुणाच्या हातून आणि कशासाठी, हे बरंचसं नावानिशी सांगता येतं. लोकनृत्याच्या बाबतीत असं क्वचितच घडतं, म्हणून पेप्सू या पंजाबातल्या अल्पायुषी राज्याचं हे प्रकरण सविस्तर मांडतो आहे.

फाळणीआधीचं रिंगण

जुन्या भांगड्याचा मुलूख संपूर्ण पंजाब नव्हता. रावी आणि चिनाब या नद्यांमधला सियालकोट-गुजरांवालाचा पट्टा, चिनाबच्या पलीकडचा गुजरात जिल्हा (आपल्या गुजरातशी याचा संबंध नाही) आणि अलीकडचा गुरदासपूर, एवढाच त्याचा खरा प्रदेश. सतलजच्या दक्षिणेला माळव्यात (हा पंजाबातला माळवा, मध्य प्रदेशातला नव्हे) पुरुषांची वेगळी परंपरा होती. तिथे बोल्या, म्हणजे छोटी कडवी म्हणत, टाळ्यांवर आणि साध्या वाद्यांवर केला जाणारा गिद्धा चाले. मुलतान, मिंटगुमरी आणि सांदल बार या पश्चिमेकडच्या भागात संथ, डोलत केला जाणारा झुमर होता. पंजाबी माणसाला हे फरक नीट ठाऊक होते. कोण कुठला, हे नाचावरूनही कळे.

हंगामाचा हिशेबही लक्षात घ्यायला हवा. आपल्याकडे होळीच्या सुमाराला गहू खळ्यावर आलेला असतो. पंजाबात थंडी लांबते, त्यामुळे तिथला गहू एप्रिलमध्ये पिकतो. सूर्य मेष राशीत जातो त्या दिवशी, म्हणजे १३ एप्रिलच्या आसपास, बैसाखी येते. भांगडा सुरू होई तो त्याच्या कितीतरी आधी. दिवसभराची कामं आटोपली की वसंतातल्या चांदण्या रात्री गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत ढोल वाजे आणि तरुण पोरं जमत. हे असं बैसाखीपर्यंत चालायचं आणि शेवट जत्रेत व्हायचा. गुजरांवाला जिल्ह्यातली एमनाबादची बैसाखीची जत्रा यासाठी नावाजलेली होती. म्हणजे 'कापणीचा नाच' म्हणून ज्याची ओळख करून दिली जाते, तो बराचसा कापणीच्या आधीचा होता. पीक उभं आहे, ओंब्या भरल्या आहेत, विळा अजून लागलेला नाही आणि सावकार अजून दारात आलेला नाही, अशा दिवसांतला. शेतकऱ्याच्या वर्षातला तो सगळ्यात निर्धास्त काळ असावा. धान्य घरात आलं की त्याला वाटेकरी फुटतात.

नाचाची रचना साधी होती. ढोली मध्ये, नाचणारे त्याच्याभोवती गोल. ढोलाला दोन तोंडं. एका बाजूला जाड, टोकाला वळलेली काठी, तिला डग्गा म्हणतात. दुसऱ्या बाजूला बारीक लवचीक काडी, ती तिली. डग्ग्याचा घुमारा पायांना आणि तिलीची कडकड अंगाला हलवते. कोणता ठेका कधी बदलायचा हे ढोली ठरवी. काठी उंचावून तो इशारा करी, रिंगणात फिरे, एखाद्या आळशी गड्याजवळ जाऊन मुद्दाम जोरात वाजवी. मध्येच ढोल थांबे. एखादा गडी कानावर हात ठेवून बोली म्हणे. शेवटच्या ओळीवर ढोल पुन्हा कोसळे आणि रिंगण हलू लागे. नाचणाऱ्यांची संख्या ठरलेली नसे. नवा माणूस आला की तो दोघांच्या मध्ये घुसे आणि वर्तुळ तेवढं मोठं होई. अंगावर जत्रेला घालायचे स्वच्छ कपडे, हातात काठी, एवढाच जामानिमा. हिंदू, शीख, मुसलमान सगळे नाचत. ढोली मात्र बहुतेक ठिकाणी ठराविक जातींचे असत. पूर्व पंजाबात ते प्रामुख्याने भराई आणि मिरासी, म्हणजे मुसलमान. भराईंचं मूळ काम सखी सरवर या पिराच्या दर्ग्याकडे निघालेल्या यात्रेकरूंपुढे ढोल वाजवत जाण्याचं होतं.

ऑगस्ट १९४७

सीमारेषा आखली गेली तेव्हा सियालकोट, गुजरांवाला, गुजरात हे जिल्हे पाकिस्तानात गेले. गुरदासपूरही तुटला. रावीपलीकडचा शकरगढ तालुका तिकडे गेला, बाकीचा इकडे राहिला. नाचाचा जवळजवळ सगळा मुलूख एका महिन्यात परका झाला. तिथले हिंदू आणि शीख इकडे आले आणि पूर्व पंजाबातले मुसलमान तिकडे गेले. भराई आणि मिरासीही त्यांच्यात होते.

फाळणीच्या इतिहासात जमिनींची अदलाबदल, मालमत्तेचे दावे, निर्वासितांच्या छावण्या यांवर भरपूर लिहिलं गेलं. ढोल कुणाच्या गळ्यात गेला यावर फारच थोडं. पूर्व पंजाबातल्या कित्येक गावांत ढोली उरलाच नाही. ती जागा हळूहळू पश्चिमेकडून निर्वासित होऊन आलेल्यांनी भरली. त्यांत बाझीगर मोठ्या संख्येने होते. गावोगाव फिरून कसरतीचे खेळ करणारा हा समाज, पुढे पंजाबात अनुसूचित जातींत गणला गेला. खेळाची दवंडी पिटायला ढोल त्यांच्याजवळ होताच, आणि येताना त्यांनी झुमरही आणला. आज भारतीय पंजाबात ढोल वाजवणाऱ्यांत बाझीगरांचं प्रमाण एवढं मोठं का, याचं उत्तर १९४७ मध्ये आहे.

पेप्सूला नाच हवा होता

१५ जुलै १९४८ रोजी सरदार पटेलांच्या हस्ते एका नव्या राज्याचं उद्घाटन झालं. पतियाळा, जिंद, नाभा, कपूरथला, फरीदकोट, मालेरकोटला, नालागढ आणि कलसिया ही आठ संस्थानं जोडून केलेलं 'पतियाळा आणि पूर्व पंजाब राज्यसंघ', रोजच्या बोलण्यातलं पेप्सू. राजधानी पतियाळा, राजप्रमुख, म्हणजे राज्यपालासारख्या पदावर, पतियाळाचे महाराज यादविंद्रसिंग. हे राज्य १ नोव्हेंबर १९५६ रोजी पंजाबात विलीन झालं. उणंपुरं आठ वर्षांचं आयुष्य.

यादविंद्रसिंग हे काही जुन्या वळणाचे, दरबारात गाणी ऐकणारे संस्थानिक नव्हते. १९३४ मध्ये ते भारताकडून कसोटी सामना खेळले होते. भारतीय ऑलिंपिक संघटनेचं अध्यक्षपद त्यांच्याकडे होतं आणि १९५१ मध्ये दिल्लीत पहिल्या आशियाई क्रीडा स्पर्धा झाल्या त्यामागे त्यांचा मोठा हात होता. भरलेल्या स्टेडियममध्ये लांबवर बसलेल्या माणसाला काय दिसतं, हे त्यांना पक्कं माहीत असणार. नवं राष्ट्रही त्याच सुमारास आपला चेहरा रंगवत होतं. संगीत नाटक अकादमीचं उद्घाटन जानेवारी १९५३ मध्ये झालं. प्रजासत्ताक दिनाच्या निमित्ताने राज्याराज्यांतली लोकनृत्यं दिल्लीत दाखवायची प्रथाही याच दशकात रुजली. पंडित नेहरूंना या कार्यक्रमांत विशेष रस होता. प्रत्येक राज्याने आपली ओळख सांगणारं काहीतरी घेऊन यायचं होतं.

पेप्सूची अडचण अशी की त्याच्याकडे सांगण्यासारखी एकसंध ओळखच नव्हती. आठ संस्थानांचे तुकडे, काही तर एकमेकांना लागूनही नाहीत. बहुतेक भाग माळव्यातला, कपूरथला दोआबातलं, म्हणजे बियास आणि सतलज यांच्या मधलं. भांगड्याच्या मूळ मुलुखातला एकही जिल्हा या राज्यात नव्हता. तरीही पेप्सूने दिल्लीला नेला तो भांगडाच. माळव्याचा स्वतःचा गिद्धा घरी राहिला. माझ्या मते यामागे दोन कारणं आहेत. गिद्ध्याचा जीव बोल्यांत आहे. त्या समजल्या नाहीत तर निम्मी मजा जाते, आणि दिल्लीतल्या तमिळ किंवा बंगाली पाहुण्याला त्या समजणार नव्हत्या. भांगड्याला भाषांतर लागत नाही, ढोल पुरतो. दुसरं असं की राज्यात निर्वासितांची मोठी वस्ती होती, आणि गेलेल्या मुलुखाचा नाच त्यांच्याबरोबर आला होता.

नेमका कोण आला होता, तेही सांगता येतं. संगरूरजवळच्या सुनाम गावात, हुतात्मा उधमसिंगांच्या जन्मगावात, भाना राम नावाचे ढोली येऊन राहिले होते. ते मूळचे सियालकोटकडचे. सुनामच्याच मनोहर दीपक आणि त्यांच्या भावांनी भाना रामांच्या ढोलावर नाचाचा संघ बांधला. पतियाळाच्या दरबाराचा आश्रय मिळाला आणि १९५४ च्या प्रजासत्ताक दिनाच्या सोहळ्यात पेप्सूचा भांगडा दिल्लीकरांनी पाहिला. तारीख २६ जानेवारी. त्या दिवशी पंजाबातला गहू जेमतेम वीतभर वाढलेला, हिरवागार असतो. सुगीच्या नाचाची सुगीशी फारकत झाली ती अशी, पहिल्याच मोठ्या प्रयोगात.

मंचाने काय बदललं

प्रकरणाचा गाभा इथे आहे. सुनामच्या संघाने आणि त्यांच्यामागून आलेल्या कॉलेजच्या संघांनी जे केलं ते नीट पाहिलं की कळतं, त्यांनी जुना नाच नुसता उचलून मंचावर ठेवला नाही. त्यांनी एक नवी रचना केली, आणि ती करताना पूर्ण पंजाब वापरला.

जुन्या मुलुखात वेगवेगळे असलेले नाच एकाच कार्यक्रमात गुंफले गेले. पश्चिमेकडचा झुमर आला, विजयाच्या वेळी नाचली जाणारी लुड्डी आली, पिरांच्या दर्ग्यांवर घुमणाऱ्या धमालचा ठेका आला. सियालकोटी नावाची एक तऱ्हा तर गावाचं नाव घेऊनच उरली. सियालकोट पाकिस्तानात आणि सियालकोटी पतियाळ्याच्या मंचावर. मूळ मुलुखात लुड्डी नाचणारा आणि झुमर नाचणारा एका रिंगणात सहसा भेटले नसते. मंचावर ते दहा मिनिटांत एकामागून एक येऊन जातात. फाळणीने ज्या माणसांना एकाच छावणीत आणून टाकलं, त्यांचे नाचही असे एकाच कार्यक्रमात आले.

मग क्रम ठरला. रिंगणात ढोली मनाला येईल तेव्हा ठेका बदले. मंचावर कोणत्या चालीनंतर कोणती, किती आवर्तनं, कधी बसायचं, कधी एकमेकांच्या खांद्यांवर चढून मनोरा रचायचा, सगळं तालमीत पक्कं झालं. वेळ बांधली गेली. चांदण्यात तासन्तास चालणारा नाच आठ-दहा मिनिटांचा झाला. तो एवढ्या थोड्या वेळात संपणार म्हणून त्यात दम भरला गेला. उड्या उंच झाल्या, गती वाढली. रात्रभर नाचणारा माणूस असा उडत नाही, त्याला पहाटेपर्यंत टिकायचं असतं. आजच्या भांगड्यातला जो बेफाम जोर आपल्याला शेतकऱ्याचा रांगडेपणा वाटतो, त्यातला बराचसा मंचावरच्या घड्याळाचा आहे.

कपडे एकसारखे झाले. चादरा (लुंगी), कुर्ता, वास्कट, ताठ तुऱ्याची पगडी, सगळं चमकत्या रंगात आणि सगळ्यांचं सारखं. बारीकसारीक वाद्यं आणि साधनं मंचावर आली: चिमटा, अलगोजा (जोडबासरी), उघडझाप करणारी लाकडी जाळी म्हणजे सप्प, काठीच्या टोकावर खारीसारखं लाकडी बाहुलं असलेली काटो. यांतली काही मुळात इतर प्रकारांतली. लांबून पाहताना ती छान दिसतात. आवाज मात्र ढोलापुढे ऐकू येत नाही, आणि कित्येक संघांत ती वाजवण्यापेक्षा नाचवली जास्त जातात.

सूत्रसंचालक नावाचा प्राणीही याच काळात भांगड्याला चिकटला. "आता शेतकरी पेरणी करतोय, आता तो विळा चालवतोय, आता मळणी…" असं प्रत्येक चालीचं स्पष्टीकरण सुरू झालं. शेतकऱ्यापुढे नाचताना ही टिप्पणी कोण करेल? जो दिवसभर विळा चालवून आला त्याला संध्याकाळी विळ्याचा अभिनय बघायचा नसतो. स्पष्टीकरण लागतं ते शेत न पाहिलेल्या प्रेक्षकाला. पण ते इतकं चिकटलं की आता शाळेच्या स्नेहसंमेलनात, मुंबईपुण्यातसुद्धा, हीच टिप्पणी कागदावरून वाचली जाते.

या सगळ्याहून मोठा बदल मात्र जागेचा होता. प्रेक्षक एका बाजूला बसले, म्हणून वर्तुळ उघडलं आणि त्याची रांग झाली. नाचणाऱ्यांची तोंडं आता एकमेकांकडे नव्हती. आणि ढोली मध्ये उभा राहिला तर नाचणारे त्याच्यामागे झाकले जाणार, म्हणून तो कडेला गेला. आजही कोणत्याही स्पर्धेचं चित्रण पाहा. संघ मध्ये, ढोली विंगेच्या जवळ. पूर्वी तो नाच चालवायचा, आता तो ठरलेल्या नाचाला साथ करतो. बाहेरून कुणी येऊन रांगेत घुसू शकत नाही, ही गोष्टही त्याच बदलाबरोबर आली. आठ जणांच्या रांगेत नवव्याला जागा नसते.

सिनेमा आणि कॉलेज

दिल्लीनंतर मुंबई फार लांब नव्हती. 'जागते रहो' (१९५६) आणि 'नया दौर' (१९५७) या चित्रपटांत सुनामच्या मंडळींचा भांगडा पडद्यावर आला. 'नया दौर'मधलं साहिरनी लिहिलेलं, ओ. पी. नय्यर यांनी चाल दिलेलं गाणं वरातीच्या बँडने उचललं आणि तिथून ते महाराष्ट्रातल्या तालुक्यातालुक्यात पोचलं. गंमत म्हणजे ते शब्दांनी देशभक्तीचं गाणं आहे. लग्नाचा त्यात उल्लेखही नाही. लोकांनी त्यातला ढोल ऐकला, बाकी सोडून दिलं.

पंजाबात पुढची जबाबदारी विद्यापीठांच्या युवक महोत्सवांनी घेतली. भांगडा हा आंतरमहाविद्यालयीन चषकाचा विषय झाला, परीक्षक आले, गुण आले. लुधियानाच्या कृषी विद्यापीठापासून अमृतसरच्या खालसा कॉलेजपर्यंत संघ तयार झाले. शेती शिकणारी मुलं शेतकऱ्याचा नाच प्रशिक्षकाकडून शिकू लागली. यात हसण्यासारखं काही नाही. महोत्सव नसते तर हा नाच पुढच्या पिढीत गेला असता की नाही, याची मला शंकाच आहे. बऱ्याच काळानंतर मुलींचे आणि मिश्र संघही उभे राहिले. जुन्या रिंगणात हे शक्य नव्हतं, मंचावर झालं. हिशेबात तेही धरायला हवं.

ब्रिटनची गोष्ट वेगळी आणि तिच्यावर खूप लिहिलं गेलं आहे, म्हणून थोडक्यात. १९६७ मध्ये बर्मिंगहॅममध्ये भुजंगी ग्रुप, १९७७ मध्ये साउथॉलमध्ये अलाप, आणि ऐंशीच्या दशकापर्यंत भांगडा हे तिथे एका संगीतप्रकाराचं नाव झालेलं. नाच मागे पडला, रेकॉर्ड पुढे.

दरम्यान शेतात

इकडे मंचावरचा नाच पक्का होत होता तेव्हा तिकडे गहू बदलला. १९६६ मध्ये मेक्सिकोतून लेर्मा रोहो जातीचं १८ हजार टन बियाणं आणलं गेलं. मग कल्याण सोना, सोनालिका या बुटक्या जाती आल्या. देशाचं गव्हाचं उत्पादन १९६४-६५ च्या सुमारे १ कोटी २० लाख टनांवरून १९७० पर्यंत २ कोटी टनांवर गेलं आणि त्यात पंजाबचा वाटा मोठा होता. आधी कापणी विळ्याने व्हायची. शेजारपाजारच्यांना बोलावून एकेकाचं शेत उरकायचं, जेवण मालकाचं, आपल्या इर्जिकीसारखंच. पंजाबात तिला आवत म्हणतात. विळे चालत असताना बांधावर ढोल वाजे, तो कामाला लय देण्यासाठी. पुढे बाहेरच्या राज्यांतले मजूर आले, त्यांच्यामागून कंबाइन हार्वेस्टर आला. यंत्र तासाभरात एकर उरकतं, आणि शेतकरी त्या दिवसांत ट्रॉली घेऊन मंडीच्या रांगेत उभा असतो.

म्हणून मंचाने शेतातला नाच मारला, असं म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. एकतर ते शेत सीमेपलीकडे गेलं होतं. आणि जे इकडे होतं, त्यात ढोलाला वेळ उरला नव्हता. मंच नसता तर जुनं रिंगण टिकलं असतं, हे गृहीतक इथे लागू पडत नाही.

अस्सल की बनावट

भांगड्याच्या या इतिहासाकडे अभ्यासक वळले तेव्हा 'रचलेली परंपरा' हा शिक्का तयारच होता. तो अगदीच चुकीचा नाही, पण त्यातून एक गोष्ट निसटते. रचणारे कोण होते? दरबाराचा पैसा आणि दिल्लीचं आमंत्रण बाहेरचं होतं, पण ठेका सियालकोटहून आलेल्या माणसाच्या हातातला होता. तो त्याने पुस्तकातून घेतला नव्हता. घर, गाव, जत्रा गेल्यावर त्याच्याबरोबर जे आलं ते हेच. त्याला बनावट म्हणायला माझी जीभ रेटत नाही. अस्सल म्हणायचीही गरज वाटत नाही. मंचावरचा भांगडा हा विसाव्या शतकाच्या मध्याचा, पंजाबी निर्वासितांच्या आणि कॉलेजच्या पोरांच्या मेहनतीचा नाच आहे. एवढं वय त्याला पुरेसं आहे. त्याला शेकडो वर्षांची जोड द्यायची घाई आपल्याला का होते, हे मला कळलेलं नाही.

आयोजकांच्या दृष्टीने मात्र या प्रकरणात एक उपयोगाचा धडा आहे. ज्या नाचात वादक मध्ये असतो, त्याला मंचावर आणताना पहिला घाव त्या रचनेवर बसतो. डहाणू-जव्हारकडचा तारपा हे आपल्या जवळचं उदाहरण. तारपकरी मध्ये फुंकतोय आणि हातात हात गुंफलेली साखळी त्याच्याभोवती फिरतेय. हा नाच तीन बाजूंनी बंद मंचावर चढवण्यापेक्षा मैदानात उतरवावा, प्रेक्षकांना चारही बाजूंनी बसवावं, वेळेची दोरी सैल सोडावी. खर्च वाढत नाही. फक्त मुख्य पाहुण्यांची खुर्ची कुठे ठेवायची, हा प्रश्न उभा राहतो, आणि बहुतेक कार्यक्रमांत तोच निर्णायक ठरतो.

माळव्याच्या गिद्ध्याचं पुढे काय झालं, हेही सांगायला हवं. पेप्सूने घरी ठेवलेला हा नाच काही दशकांनी मालवई गिद्धा म्हणून युवक महोत्सवांत आला. पुरुष अर्धगोलात उभे राहून बोल्या म्हणतात, दोघेदोघे पुढे येऊन नाचतात. त्यालाही आता वेशभूषा आणि गुणपत्रिका आहे.

ढोलीचा हिशेब

शेवटी ज्याचा हिशेब सहसा मांडला जात नाही त्याच्याकडे येतो. १९५४ च्या संघाची आठवण निघते तेव्हा दीपक भावांचं नाव पुढे असतं. भाना रामांचं नाव निदान उरलं, हे त्यांचं भाग्य. त्यांच्यानंतर कॉलेजच्या संघांना उभं करणारे ढोली बहुतेक वेळा ढोलीच म्हणून ओळखले गेले. नाचणारी मुलं तीन वर्षांत पदवी घेऊन निघून जातात. ढोली तिथेच राहतो, नव्या मुलांना कोणत्या ठेक्यावर कोणती चाल हे तोच शिकवतो, आणि चषकाच्या छायाचित्रात तो कडेला असतो किंवा नसतोच. यात जातीचा भाग आहे, हे पंजाबात कुणी नाकारत नाही आणि फार मोठ्याने बोलतही नाही. नाचणं प्रतिष्ठेचं झालं, वाजवणं धंदा राहिलं.

त्याची कमाई आता लग्नांतून येते. त्यामुळे त्याचा भरगच्च हंगामही बदलला. नोव्हेंबर ते फेब्रुवारी तो एका हॉलमधून दुसऱ्या हॉलमध्ये पळत असतो. बैसाखीला बोलावणी असतात, ती शाळा, सरकारी कार्यक्रम आणि मॉल यांची.

ढोल मात्र दुसऱ्या एका वाटेने पुन्हा पुढे आला, तो ब्रिटनमध्ये. नव्वदच्या दशकापासून तिथे ढोल शिकवणारे वर्ग निघाले. लंडनच्या जॉनी कल्सी यांची ढोल फाउंडेशन ही त्यांतली सर्वांत गाजलेली संस्था. वीस-वीस, तीस-तीस मुलंमुली गळ्यात ढोल अडकवून एका रांगेत वाजवतात. भोवती नाचणारे असलेच तर ते सोबतीला. ढोल आता कडेचा राहिला नाही, तोच कार्यक्रम झाला. वाजवणारी ही मुलं बहुतेक परंपरागत ढोली घराण्यांबाहेरची आहेत, त्यांत मुली आहेत, पंजाबी नसलेलेही आहेत, आणि ती शिकवणीची फी भरून येतात. तीच तऱ्हा आता चंदीगड-लुधियानाकडेही पोचली आहे. तिथल्या ढोलीला शहरी मुलांचे वर्ग घ्यायला मिळतात. लग्नाच्या एका रात्रीपेक्षा त्यात पैसे कमी, पण विद्यार्थी त्याला उस्तादजी म्हणतात.